टाळ्यांचा प्रसंग

पोलादाचा कारखाना बंद पडला त्याच वर्षी आमच्या शाळेचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, हेल्मेट घालून धडका मारायचा तो खेळ, राज्यात पहिला आला. आमच्या संघात सगळी मिळून एकोणीस पोरं, समोरच्या संघात साठ. चाळीस वर्षांनी त्यावर सिनेमा निघाला आणि पहिला खेळ आमच्याच गावात लागला.

पहिल्या रांगेत एमिल ह्रुस्का, त्याची बायको लोरेटा आणि मी. एमिल आमचा सगळ्यात दांडगा गडी. खेळताना बसलेल्या धडकांनी आता त्याचं डोकं कामातून गेलंय. बुटाच्या नाड्यासुद्धा लोरेटाच बांधते.

"हा कोण गं?" पडद्यावरच्या पोराकडे बोट दाखवत त्यानं विचारलं.

"तूच की."

"काहीतरीच. मी इतका देखणा कुठं होतो?"

मागचे लोक हसले. लोरेटाही हसली.

मग शेवटचा सामना आला. पडद्यावरचा एमिल धडकेनं कोसळला. कोच धावत आले, त्याचा चेहरा हातात धरून म्हणाले, "बाळा, सगळं गाव तुझ्याकडे बघतंय." तो उठला. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोरेटा उठून बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो. ती पॉपकॉर्नच्या काउंटरला टेकून उभी होती.

"असं झालं नव्हतं, लोरेटा," मी म्हणालो. "कोच त्याला बाहेर बसवणार होते. तो ओकत होता, त्याला धड दिसतही नव्हतं. मीच त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि कोचना सांगितलं, ठीक आहे हा, नुसता दम लागलाय. सिनेमावाल्यांनाही हे बोललो नाही मी."

"माहीत आहे मला, वॉल्ट. लग्नाआधीच सांगितलं होतं त्यानं. वॉल्टनं मला बाहेर बसू दिलं नाही म्हणायचा. कौतुकानं."

"आणि तरी तू मला घरात घेतेस?"

"पहिली काही वर्षं तुझं तोंड बघवायचं नाही. मग त्याला उचलून आंघोळीला न्यायला दुसरं माणूस लागायला लागलं. तुझ्यावर रागावून मला कसं चाललं असतं?"

डोळे पुसून ती आत गेली, मागोमाग मी.

दिवे लागले होते. माइक घेतलेला कुणी तरुण सांगत होता, "खरे एमिल आज आपल्यात आहेत!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एमिल खुर्चीचे हात घट्ट धरून बसला होता. एवढ्या आवाजानं तो घाबरला होता, आणि त्याची पँट ओली झाली होती. मी माझं जाकीट त्याच्या कमरेला गुंडाळलं. एका बाजूनं लोरेटानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत लोक टाळ्या वाजवत राहिले.

गाडीत बसल्या बसल्या तो झोपला.

"उद्या जरा लवकर येशील?" लोरेटा म्हणाली. "नऊला डॉक्टरकडे जायचंय."

"सातला येतो," मी म्हणालो.