आरगॉनमधला निळा रंग

त्या दोघी सख्ख्या जावा, आणि नशीब असं की नोकरीही एकाच प्रयोगशाळेत. त्यांच्यातून विस्तव जात नसे. दोघी एकदम आत आल्या की थर्मामीटरचा पारा कुठल्या बाजूनं चढावं याचा विचार करत बसे, असं लोक सांगतात.

थोरलीनं एक उत्प्रेरक घडवला होता. धातूचे कण इतके बारीक की शिंक आली तर सगळी मेहनत शेजारच्या इमारतीत जाऊन बसावी. भट्टीची धग आणि राक्षसी दाब लावून कारखाने जो अमोनिया काढतात, तो तिच्या काचपात्रात नायट्रोजन, पाणी आणि जराशा विजेवर निघायचा. नमुन्यात तपासणीचं औषध टाकलं की अमोनियानं द्रव निळा पडे. तिचा तर शाईसारखा पडे. आज साहेब बघायला आले होते. पटलं तर उत्प्रेरक पुढच्या चाचणीला, नाहीतर कचऱ्यात.

"साहेब, नायट्रोजनऐवजी एकदा आरगॉन वायू सोडून बघू या की," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "आरगॉनचा काही अमोनिया होत नाही. तरी निळं पडलं, तर तो बाहेरून येतोय. जाऊबाईंचा हात तसा सढळ आहे."

"आयतं गिळणाऱ्यांनी हातांबद्दल बोलू नये," थोरली म्हणाली आणि तोटी स्वतःच फिरवली.

द्रव निळाशार पडला.

थोरली गर्रकन वळली. "तूच टाकलंस काहीतरी!"

"मी? मी दाराशी उभी आहे. तुम्हीच बसलाय पात्रावर डोकं घालून, कोंबडी अंड्यावर बसते तशा."

डोकं! थोरली चपापली. चाचणीच्या दिवशी चारचौघांत बरं दिसावं म्हणून ती सकाळी केस रंगवायची, आणि त्या रंगात अमोनिया असतो. पण 'आमच्या माहेरी केस पिकतच नाहीत' हे तिनं सासरी इतक्या वेळा ऐकवलं होतं की भिंतींनाही पाठ होतं.

साहेब उठायला लागले.

"थांबा साहेब. मी केस रंगवते. अमोनिया त्यातून येतोय."

"अगंबाई!" धाकटीला हसू आवरेना. "माहेरचं तेज बाटलीत मिळतं होय!"

"हस. पण आता चाचणी तू कर, नव्या पात्रात. मी बाहेर थांबते. माझं भलं व्हावं म्हणून तू एक थेंबही इकडचा तिकडे करणार नाहीस, याची मला खात्री आहे."

थोरली काचेबाहेरून बघत राहिली. आरगॉनमध्ये द्रव पाण्यासारखा स्वच्छ. नायट्रोजनमध्ये निळा, पण अगदी फिका, धुऊन धुऊन विटलेल्या पदरासारखा.

"हे एवढंसं?" धाकटीनं नाक मुरडलं. रंग जाईल या आशेनं तिनं दात-ओठ खात चाचणी पुन्हा केली, आणि पुन्हा केली. फिका निळा हटेना.

"थोडा आहे, पण खरा आहे," साहेब म्हणाले. "पाठवू पुढे."

"आज घरी सगळ्यांना सांगते," धाकटी फणफणली.

"सांग ना. माईक आणून देऊ?" थोरलीनं कागद पुढे सरकवला. "आधी इथे सही कर. चाचणी तू केली आहेस."

धाकटीनं इतक्या रागानं सही केली की कागद फाटला. थोरलीनं शांतपणे दुसरा काढून दिला.