सागरानंदांचा उजळता समुद्र

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. लग्न कुणाचंच नव्हतं. समुद्र उजळणार होता. गोदावरीचे पूर नाशिककरांनी पुष्कळ पाहिलेत, पण चमत्कारासकट समुद्र घराजवळ आणून दिला तो २००७ साली सागरानंद महाराजांनीच.

प्रोजेक्टरने भिंतीवर कोकणातल्या समुद्राचा फोटो टाकला होता. मळकट आभाळ, काळेठिक्कर खडक, एका बाजूला कललेलं क्षितिज आणि आभाळात एक काळा ठिपका.

"बघा, भक्तजनहो!" महाराज गरजले. "तुमच्या रोगांनी सागर काळवंडलाय! तो उजळला की रोगही पळाले! तो ठिपका म्हणजे तुमची साडेसाती! म्हणा, ॐ सागराय उजळ उजळ स्वाहा!"

सभागृहाने जप धरला. आणि काय सांगावं! कललेला समुद्र सरळ झाला. खडक अंधारातून वर आले, आभाळ सोनेरी झालं, लाटांना निळाई चढली. साडेसाती पुसली गेली आणि तिच्या जागी चक्क एक पक्षी उमटला!

"गरुड! साक्षात गरुड आला!" लोक माना मोडेपर्यंत नमस्कार करू लागले.

मागच्या रांगेतल्या आभाने कपाळावर हात मारला. तिचा फोटो स्टुडिओ होता. लग्नातल्या नवऱ्यामुली उजळवणं हा तिचा रोजचा धंदा. फोटोत ठिपक्याशेजारी आधीपासून एक अंधुक समुद्रपक्षी होता आणि नव्या गरुडाचा पंख अगदी त्याच्यासारखाच वाकडा होता. ठिपका म्हणजे कॅमेऱ्यात शिरलेली धूळ. ती झाकायला कुणीतरी शेजारचा तुकडा उचलून चिकटवला होता आणि घाईत पक्षीही उचलला गेला होता.

एरवी ती हसून घरी गेली असती. पण पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती तिची आई. लतिकाबाई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. महाराजांच्या शब्दाखातर त्यांनी आठवडाभर इन्सुलिन बंद ठेवलं होतं आणि सकाळीच चक्कर येऊन पडल्या होत्या. "औषध घेणं म्हणजे अविश्वास," असं वर लेकीलाच सुनावलं होतं. आभाला संताप आला आणि भीतीही वाटली.

ती सरळ मंचावर गेली आणि कडेचा भगवा पडदा तिने ओढला. मागे महाराजांचा शिष्य लॅपटॉप मांडून, माऊसवर हात ठेवून बसला होता.

"अज्ञानी मुली!" महाराज कडाडले. "तो केवळ निमित्त! शक्ती आमच्या कंठातून त्याच्या बोटांत उतरते!"

"मग जरा वेळ कंठ बंद ठेवा, महाराज. आई, इकडे ये."

"आभा, शोभतं का तुला हे?"

"नाही शोभत. पण ये आणि सगळ्यांसमोर मला खोटं पाड."

हे आव्हान शिक्षिकेला टाळवेना. लतिकाबाई लॅपटॉपसमोर बसल्या. लेकीने दाखवलेल्या पट्टीवरची खूण त्यांनी डावीकडे सरकवली. खडक अंधारात बुडाले. उजवीकडे सरकवली. खडक वर आले. मग केलेले बदल एकेक करून मागे नेणारं बटण दाबत गेल्या, तसा गरुड उडाला आणि साडेसाती परत आली. सभागृहात खसखस पिकली.

"कॅमेऱ्याची कच्ची फाईल अशीच मळकट दिसते," आभा म्हणाली. "पण उजेड आणि रंग त्यात आधीच टिपलेले असतात. ते असे खुलवायचे. मी रोज करते, मला कुणी हार घालत नाही."

"म्हंजी या बाईंच्या हातात बी शक्ती हाय?" इगतपुरीहून आलेल्या चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"शक्ती नाही, मावशी. माऊस आहे."

चंद्रभागाबाईंचा चेहरा उतरला. "मंग म्या दम्याच्या गोळ्या फेकल्या, त्याचं काय?"

उत्तर लतिकाबाईंनीच दिलं, तेही डोळे पुसत.

"नव्या घ्या हो. आजच. मीही घरी जाऊन इंजेक्शन घेते. जन्मभर मुलांना म्हणत आले, 'कसं झालं ते विचारा', आणि इथे मीच विचारलं नाही." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "हात जोडायच्या आधी पडद्यामागे बघा रे बाबांनो. आणि औषध थांबवायचं तर डॉक्टरांना विचारून. समुद्राला मागे नेणारं बटण आहे, आत्ताच दाबलं मी. आपल्या शरीराला ते नाही."