कुंपणाअलीकडचा मेंढा

माल्लानं मेंढ्याची दोन्ही शिंगं धरून गुडघा त्याच्या छातीत रोवला, तेव्हा कुठे तो थांबला. मग तिची नजर त्याच्या कानाकडे गेली. कानातला बिल्ला पिवळा होता.

तिच्या मेंढ्यांचे बिल्ले हिरवे. पिवळे सगळे कुंपणापलीकडचे. आणि हे काळं मुस्काट, शिंगाला ही खाच. हे ध्यान तर मागच्या महिन्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून आलं होतं. शेजारी तिची धाकटी बहीण उन्नुर, आईनं विणलेला स्वेटर घालून, दात दाखवत उभी. माल्लाला त्या फोटोत आधी स्वेटर दिसला होता, मेंढा नंतर.

"स्कुग्गी," ती म्हणाली, "देशभर नाव झालं तुझं, पण अक्कल तीच ना? माझ्या मेंढ्यांचा वास आला आणि निघालास तार ओलांडून."

बर्फाच्या ओझ्यानं नदीकाठची तार जमिनीला टेकली होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

कुंपण ओलांडलेलं जनावर परत जात नाही, ते मारायचं. हा नियम खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मेंढ्यांचा थरथरीचा रोग एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून तर ते कुंपण. काही वर्षांपूर्वी माल्लाची एक मेंढी अशीच पलीकडे गेली. उन्नुरनं कचेरीला फोन केला. मेंढी मारली, तिचा मेंदू तपासला, त्यात रोग निघाला, आणि महिन्याभरात माल्लाच्या गोठ्यात एकही जनावर उरलं नाही. गव्हाणींच्या फळ्यासुद्धा उखडून जाळल्या. उन्नुरचं काही चुकलं नव्हतं. माल्लाला सहन होत नसे ते नेमकं हेच.

नवा कळप आणला, तेव्हा राजधानीतल्या प्रयोगशाळेतून आल्डिस नावाची संशोधक कानांचे नमुने घ्यायला आली. ओट्यावर बसून तिनं समजावलं होतं. हा जंतू नाही, विषाणूही नाही. अंगातलंच एक प्रथिन वाकडी घडी घेतं, शेजारच्यालाही आपल्यासारखं वाकडं करतं, आणि बघता बघता मेंदूची चाळणी होते. काही मोजक्या मेंढ्यांत ते प्रथिन जन्मतःच असं असतं की सहसा वाकत नाही. तशी जनावरं आम्ही शोधतोय.

"माणसांना लागतं का हे?" माल्लानं विचारलं होतं.

"माणसांत असे रोग आहेत. पण मेंढीकडून माणसाला लागल्याचं आढळलेलं नाही."

"नसेल आढळलं. या खोऱ्यात येऊन राहा चार दिवस."

माल्लाच्या मेंढ्या साध्याच निघाल्या. न वाकणारं प्रथिन निघालं ते उन्नुरच्या स्कुग्गीत. कुठे निघणार दुसरीकडे! गोरा रंग उन्नुरला, आईचा स्वेटर उन्नुरला, आणि आता हेही.

शिंगं तिच्या मुठीत होती. कचेरीला एक फोन, की झालं. नियमानं, हात स्वच्छ ठेवून. हा विचार तिनं जिभेवर खडीसाखरेसारखा थोडा वेळ घोळवला. मग एका हातानं खिशातला फोन काढला आणि बहिणीला लावला.

"माल्ला? कोण गेलं?"

"कुणी नाही. तुझा नवरदेव आलाय माझ्याकडे."

"तारेच्या कुठल्या बाजूला?"

"माझ्या."

उन्नुर जीप पिटाळत आली आणि पडलेल्या तारेपलीकडे उभी राहिली. डोक्याला टोपी नाही, एका पायात घरातला बूट.

"कुणी बघितलं?"

"मी."

"म्हणजे कुणीच नाही. सोड ना गं त्याला. दोन पावलांचा तर प्रश्न."

उन्नुर विनवणी करतेय, हे ऐकायला माल्लानं किती वर्षं वाट बघितली होती. आणि आता ते ऐकताना बहिणीच्या त्या बुटाकडेच तिचं लक्ष जात होतं.

"माझ्या मेंढीच्या वेळी नाही सुचली तुला दोन पावलं."

"तेव्हा घास उतरत नव्हता मला."

"मला अजून उतरत नाही." माल्लानं मेंढ्याची मान आपल्याकडे ओढली. "त्याच्या खुरांना माझी माती लागलीय, उन्नुर. रोग वर्षानुवर्षं बसून राहतो मातीत. त्याला नसेल होत, पण तुझ्या बाकीच्या मेंढ्यांचं काय? उद्या तुझ्याही गव्हाणी जाळायच्या?"

उन्नुरनं डोळे पुसले आणि कचेरीला लावायला खिशातून फोन काढला.

"ठेव तो," माल्ला म्हणाली. "मी करते. दोन्ही वेळेला तूच कशाला?"

दुसऱ्या दिवशी आल्डिस आली, कचेरीशी बोलली, मग परत बोलली. दोघी बहिणी तारेच्या दोन बाजूंना ताटकळत.

"परत नाही जाता येणार त्याला," शेवटी ती म्हणाली. "पण मारायचं कारण नाही. या वाणाचे मेंढे रोगाच्या भागात आणायला परवानगी मिळते. आम्ही पुढच्या वर्षी आणणारच होतो. तो आता इथेच राहील. माल्लाकडे."

ज्याच्यासाठी इतके दिवस दातओठ खाल्ले, ते चार पायांवर, सरकारी शिक्क्यानिशी दारात उभं राहिलं.

"मिळालं ना?" उन्नुर म्हणाली. "आता आईचा स्वेटरही देऊन टाकू?"

"दे," माल्ला म्हणाली.

उन्नुर हसली नाही. जीप वळवून निघून गेली.

वसंतात कोकरं झाली. त्यांतल्या निम्म्यांत ते न वाकणारं प्रथिन निघालं. वर्तमानपत्रवाला कॅमेरा घेऊन आला, तर माल्लानं त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं.

स्कुग्गी तिच्या गोठ्यात खातो, पितो, माजतो. तिनं हाक मारली की मान वर करतो आणि परत गवतात तोंड घालतो. रविवारी सकाळी मात्र नदीकाठी जीपचा आवाज आला की भरली गव्हाण सोडून धावत सुटतो. नव्या ताठ तारेपलीकडे उन्नुर उभी असते. हात आत घालायची परवानगी नाही, म्हणून ती वरून पावाचे तुकडे टाकते आणि काहीबाही बोलते. माल्लाच्या पावासाठी तो असा कधी धावलेला नाही.

माल्ला खिडकीकडे पाठ करून धुतलेला कप पुन्हा धूत राहते. गोठ्याचं नदीच्या बाजूचं फाटक तिनं उजाडतानाच उघडून ठेवलेलं असतं.