मागच्या चाकावरचे वजन

जो मनुष्य बारा महिने तेरा त्रिकाळ सायकलीवरून कामावर जातो, त्याला त्याचे कारण विचारण्याचा हक्क सगळ्या जगाला आपोआप प्राप्त होतो. कुलपांच्या कारखान्यातील तपासनीस, ज्याला सगळे ‘चावीबुवा’ म्हणत, तो विचारणाऱ्याचे तोंड पाहून उत्तर देत असे. डॉक्टरांना तो हृदयाचे आरोग्य सांगे, शेजारच्या फिटरला बसमधली गर्दी सांगे, आणि लेकीला सांगे की सकाळच्या वाऱ्याने डोके मोकळे होते. यातले काहीही खोटे नव्हते. त्याला भूक कडकडून लागे, पाठ टेकताच झोप येई, आणि वयाच्या मानाने त्याचे पोट अद्याप सदऱ्याच्या बटणांशी भांडत नव्हते. पण त्याची किंमतही तो मुकाट्याने मोजत होता. उन्हाळ्यात टाळू तापे, पावसाळ्यात ओल्या मोज्यांत पाय दिवसभर आंबत, आणि हिवाळ्यात हँडलवरची बोटे अशी बधिर होत की सकाळची पहिली कुलपे त्याला नुसत्या कानाने तपासावी लागत. डावा गुडघा तर जिने चढताना चारचौघांत बोलू लागला होता.

खरे कारण मात्र त्याने कोणालाच सांगितले नव्हते. ते चढावर होते.

घर आणि कारखाना यांच्यामध्ये, पाण्याच्या टाकीपाशी, एक लांब सरळ चढ लागे. एका अंगाला उंच भिंत, दुसऱ्या अंगाला झाडे, आणि माथ्यावर चुन्याने रंगवलेला एक दगड. लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायको एकाच सायकलीवरून, डबलसीट, कारखान्यात जात. ती तिथेच कुलपे कागदात गुंडाळण्याच्या खात्यात होती. चढ आला की ती टुणकन खाली उतरे आणि कॅरियरला हात लावून मागून ढकलत येई.

“अहो, जोर लावा की जरा. मी काय जन्मभर पुरणार आहे?” अशी तिची थट्टा असे.

माथ्यावर तो दगडावर पाय टेकून थांबे. ती बसली की तो विचारी, “बसलीस?” आणि ती तोंडाने उत्तर न देता त्याच्या पाठीवर दोन बोटांनी टकटक करी.

शेवटच्या वर्षी तिच्या छातीत दुखणे शिरले. चार पावले चालली की तिला धाप लागे. त्या वर्षी ती चढावर उतरली नाही. “उतरू का हो?” असे ती दररोज विचारी, “बस गं गप,” असे तो दररोज म्हणे, आणि तिचा तुटक श्वास मानेवर घेत तो ती वाट ओढून काढी. मग एके दिवशी कॅरियर रिकामे झाले.

ती गेल्यानंतर पुष्कळ महिन्यांनी, एका धुक्याच्या सकाळी, ते वजन परत आले. सपाटीवर काहीही नव्हते. चढ सुरू झाला, आणि जणू कोणी अलगद येऊन बसावे तशी सायकल मागून जड झाली. पाठोपाठ तोच श्वास ऐकू आला. स्स्, स्स्, थांबून थांबून. चावीबुवाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तथापि त्याने मागे वळून पाहिले नाही. “बस गं,” एवढेच तो म्हणाला, आणि पायडलावर उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याने एकही खाडा केला नाही. अंगात ताप असताना तो गेला, रस्त्यावर पाणी साचले असताना गेला. बसमध्ये बसणाऱ्या माणसाला हे वजन कोण आणून देणार होते?

परंतु शरीर हे भाड्याचे घर आहे, आणि घरमालक केव्हा तरी दार ठोठावतोच. घरी आल्यावर जिन्यावर त्याला धाप लागू लागली. एका संध्याकाळी लेकीने दार उघडले, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

“बाबा, आवाज न करता श्वास घ्या.”

“श्वासाला काय कुलूप लावू?”

“मस्करी नको. मला वाटलं, आई जिना चढतेय.”

 लेक पाण्याचा पेला त्याच्या हातात देऊन समोरच बसली.

“कारखान्याची बस कोपऱ्यावर येते. फिटरकाका तुमच्यासाठी खिडकीची जागा धरायला तयार आहेत. एकीला असं श्वास मोजत पोचवलंय मी. दुसऱ्यांदा नाही जमायचं मला.”

“चढ तेवढा जड जातो. बाकी मी ठणठणीत आहे.”

“मग सायकल दाखवून आणते. दुरुस्तीनंतर चढ सोपा गेला, तर मी पुन्हा बसचं नाव काढणार नाही. नाही गेला, तर सायकल विकायची. कबूल?”

त्याने मान हलवली. नकार द्यायला त्याच्यापाशी सांगण्यासारखे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सायकलवाल्याने मागचे चाक वर उचलून फिरवले, मग पायडल खाली दाबून धरले, आणि हसला.

“काका, मागच्या चाकाचा नट सैल आहे. सपाटीला कळत नाही. चढावर जोर लावला की चाक तिरकं होतं आणि ब्रेकच्या रबराला घासतं. ऐका.”

स्स्. स्स्.

“म्हणजे ब्रेक लावून चढ चढत होतात तुम्ही. कुलपात केस अडकला तरी तुम्हाला कळतो म्हणतात, आणि हे नाही कळलं?”

चावीबुवा त्या चाकाकडे पाहत राहिला. कळले नव्हते की कळून घेतले नव्हते, हे त्याचे त्यालाच सांगता येईना. सायकलवाल्याने चाक सरळ केले, पाना लावला, रबर बदलले, आणि चाक पुन्हा फिरवले. त्यातून मुळीच आवाज आला नाही. लेक समाधानाने म्हणाली, “बघा, एवढंच होतं.”

“हो,” तो म्हणाला. “एवढंच होतं.”

सोमवारी सकाळी धुके होते. टाकी आली, चढ आला. त्याने सवयीने दात आवळले, आणि सायकल वाऱ्यासारखी वर निघाली. मागे कोणी नव्हते. श्वास नव्हता, वजन नव्हते. पुढची वाट त्याला दिसेनाशी झाली, परंतु सायकलीला त्याचे काय? धाप न लागता तो माथ्यावर पोहोचला. पैज तो जिंकला होता, आणि आता जन्मभर ही रिकामी सायकल चालवण्याची त्याला परवानगी होती.

तो दगडावर पाय टेकून थांबला. गेली काही वर्षे तो येथे थांबत नसे, कारण जी बसूनच आहे तिच्यासाठी थांबायचे कशाला? आज पाय आपोआप दगडावर गेला होता. तळवा जुन्या जागी टेकताच त्याच्या मनात लख्ख काहीतरी उजळले.

चढावर वजन असे ते तिच्या दुखण्याच्या वर्षी. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत चढावर सायकल हलकीच असे. किंबहुना ती जरा अधिकच हलकी असे, कारण मागून एक हात लागलेला असे.

म्हणजे ती उतरली होती. तिला उतरता येत होते.

खाली धुक्यात चढ दिसत नव्हता. त्याने वळून पाहिले नाही. तो मान पुढे ठेवून उभा राहिला. कारखान्याचा भोंगा झाला, बस बाजूने गेली, फिटरने खिडकीतून हात हलवला. तो हलला नाही. झाडांवरून थेंब गळत होते, की चपला वाजत येत होत्या, ते त्या धुक्यात कोण ठरवणार? बऱ्याच वेळाने कॅरियरची स्प्रिंग किंचित कुरकुरली.

“बसलीस?” त्याने विचारले.

संध्याकाळी लेक दारातच उभी होती. जिन्यावर तिने कान देऊन ऐकले. त्याचा श्वास शांत होता.

“चढ कसा गेला?”

“हलका. एकदम हलका.”

“मग फिटरकाका म्हणाले ते काय? तुम्हाला उशीर झाला, माथ्यावर उभे होतात म्हणून. दम लागला होता?”

“नाही.”

“मग कशाला थांबलात?”

त्याने बूट कोपऱ्यात नीट लावले. खोटे बोलावे असे आज त्याला वाटेना.

“मागचं माणूस चालत येत होतं,” तो म्हणाला.

लेक पुढे आली. मग तिने त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर, जेथे बोटांएवढे दोन दमट डाग पडले होते, तेथे हात फिरवला आणि तो झटकन मागे घेतला. 

“मग उद्यापासून जरा लवकर निघत जा,” ती म्हणाली.