भाऊबीजेची अंगठी

गोपाळकृष्ण सुर्व्यांना अंगठ्यांचं वेड होतं, पण स्वतःच्या बोटात त्यांनी कधी अंगठी घातली नाही. त्यांच्या अंगठ्या सैनिकांच्या. कुठली काडतुसाच्या पितळेतून घडवलेली, कुठली पलटणीचं चिन्ह कोरलेली चांदीची. बंदर खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात. हे मंडणगडच्या गावागावांतून म्हाताऱ्या फौजींची दारं ठोठावत हिंडले. ते राहत त्या मांडवीचा खारा वारा चांदीला बघता बघता काळं पाडतो, म्हणून एकेक अंगठी मलमलीत गुंडाळून सागवानी डब्यात ठेवायची. शेजारी हसायचे. पण हौसेला मोल नसतं.

वेड लागलं ते बायकोपायी. उमाचा थोरला भाऊ लवू एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याला अग्नीही तिकडेच दिला. घरी आली ती फक्त ट्रंक. तीत कपडे होते, घड्याळ होतं, दाढीचं सामानसुद्धा होतं. बोटातली बिगुलाच्या चिन्हाची अंगठी तेवढी नव्हती. लग्नानंतर उमाने हे एकदाच सांगितलं. पुढे मुंबईच्या जुन्या बाजारात गोपाळकृष्णांना तशीच अंगठी दिसली, त्यांनी ती आणली. उमाने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही दादाची नव्हे." झालं! तेव्हापासून शोध सुरू झाला, आणि शोधाचा छंद कधी झाला ते त्यांनाही कळलं नाही. नवी अंगठी आली की आधी उमासमोर जायची. ती मान हलवायची, मग अंगठी डब्यात.

दोन वर्षांपूर्वी उमाची आठवण विरायला लागली. आधी गॅस बंद करणं विसरली, मग शेजाऱ्यांची नावं. मग पोटची लेक पुण्याहून आली तर तिलाच विचारलं, "तुम्ही कुणाच्या?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे असंच वाढत जाणार म्हणून सांगितलं. गोपाळकृष्णांना एकच आधार होता. ती त्यांना अजून ओळखत होती. सकाळी "अहो, चहा ठेवू ना?" एवढं ऐकलं की त्यांच्या जिवात जीव यायचा. बाकी सगळं ने, एवढं राहू दे, असं ते रोज देवाला सांगायचे.

अंगठ्यांचं मात्र उलटंच झालं. पूर्वी एकही दादाची नसायची, आता दिसेल ती दादाचीच. "दादा आला? कुठाय?" म्हणून ती घरभर शोधायची, आणि तो नाही म्हटलं की नव्याने ऊर बडवून घ्यायची. पन्नास वर्षांपूर्वीचं मरण पुन्हा पुन्हा त्या घरात घडत होतं. शेवटी त्यांनी डबा माळ्यावर टाकला आणि पुन्हा अंगठी घेणार नाही अशी शपथ घेतली. पण जित्याची खोड! दिवाळीच्या तोंडावर फोनवर एक बिगुलवाली दिसली आणि त्यांनी ती गुपचूप मागवली.

पाडव्याला उमाने त्यांना नीट ओवाळलं. वर म्हणाली, "अहो, आता तरी दात बसवून घ्या, फोटोत बरे दिसाल." त्या एका टोमण्यावर गोपाळकृष्णांची दिवाळी साजरी झाली. त्याच आनंदात दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, त्यांनी कुरिअरचं पाकीट चक्क ओटीवर फोडलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

"दादा आला?" मागून आवाज आला.

तो नाही म्हटल्यावर उमाने असा टाहो फोडला की कामाला आलेली सगुणा भांडी टाकून धावली. "घाला ओ ती आंगठी बोटात," ती म्हणाली. "घटकाभर भाऊ व्हा. सणाच्या दिवशी कशाला रडवताय वयनींना?"

"नवरा बसतो काय गो भाऊबीजेला पाटावर?"

"त्यांना काय कळताय आता!"

ते त्यांना झोंबलं. पण उमाचं रडणं बघवेना. त्यांनी अंगठी चढवली आणि पाटावर बसले.

उमाचे डोळे लगेच पुसले गेले. तिने ताम्हन आणलं, कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. कुठे काही चुकलं नाही. "किती रोड झालास रे दादा! खायला घालत नाहीत का तिकडे?" तिचा चेहरा इतका फुललेला गोपाळकृष्णांनी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यांनी ओवाळणी घातली आणि सुटलो एकदाचा म्हणून उठायला लागले.

"बस रे. तुला एक सांगायचंय." तिने आवाज खाली आणला. "हे घरात नाहीत. काल ओवाळलं मी त्यांना, आणि आज बघते तर नाहीत. मी काहीतरी लागेल असं बोलले बहुतेक."

गोपाळकृष्णांनी अंगठी ओढून काढली. "अगं उमा, मीच तो. इकडे बघ."

उमा दचकून उभी राहिली. पदर सावरत भिंतीपर्यंत मागे सरकली. "तुम्ही कोण? इथे आमचा दादा बसला होता ना? दादा! दादा रे!"

ते नाव सांगत राहिले. स्वतःचं, लेकीचं, लग्नाच्या गावाचं. प्रत्येक नावासरशी ती जास्तच घाबरत गेली. सगुणा दारात उभी राहून डोळ्याला पदर लावत होती. शेवटी गोपाळकृष्णांनी अंगठी पुन्हा घातली.

"असा न सांगता कुठे जातोस रे?" म्हणत उमा जवळ येऊन बसली. तिने करंज्यांची ताटली पुढे केली, मग त्यातल्या दोन काढून बाजूला ठेवल्या. "ह्या त्यांच्या. त्यांना फार आवडतात."

"बरं."

"आणि दादा, तिकडे कुठे भेटले तर सांग त्यांना. मी रागावले नाही म्हणावं. घरी या म्हणावं."

"सांगतो," गोपाळकृष्ण म्हणाले.