शिक्क्यावरचा नंबर

पाच वर्षं कॉलेजात घासली म्हणून कुणी आर्किटेक्ट होत नाही बरं! डिग्रीनंतर नोंदणी असलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली दोन वर्षं राबायचं, दर आठवड्याला डायरीवर त्याची सही-शिक्का घ्यायचा, शेवटी त्याचा दाखला घेऊन आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या परिषदेत अर्ज करायचा. मग परीक्षा, मग आपली नोंदणी. आणि अर्ज डिग्रीपासून पाच वर्षांच्या आत. नाहीतर कॉलेजचं शेवटचं वर्ष पुन्हा!

जिनेवालीला दोनाची जवळजवळ पाच वर्षं लागली, ती ऑफिसातल्या साहेबांमुळे. "एवढा बंगला होऊ दे, मग देतो दाखला." बंगला झाला की शाळा, शाळा झाली की दवाखाना. कितीही अडचणीची जागा असो, तिथं जिना बसवावा तर तिनंच; म्हणून तर ऑफिसात ते नाव पडलं. अशी माणसं कोण सोडतं हो? घरी आई वाट बघून थकली होती. लोकांचे कपडे शिवून तिनं पोरीला शिकवलं, आणि त्यात डोळे अधू करून घेतले.

मुदतीला चार दिवस उरले तेव्हा मात्र ती हट्टालाच पेटली. साहेबांनी मुकाट्यानं दाखला दिला. शिक्का मारण्याआधी तो त्यांनी दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलला. तिला वाटलं, आपण जाणार म्हणून बिचाऱ्यांना वाईट वाटतंय.

परिषदेच्या खिडकीतल्या बाईंनी शिक्क्यावरचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला. मग चष्मा पुसून पुन्हा टाकला.

"यांची नोंदणी सात वर्षांपूर्वीच संपलीय. नूतनीकरण केलेलंच नाही."

"चूक होतेय काहीतरी. नीट बघा ना!"

बाईंनी स्क्रीनच तिच्याकडे वळवली. "तुमचा एकही दिवस धरता येणार नाही, ताई. वाईट वाटतं, पण माझ्या हातात काही नाही."

जिनेवालीनं दाखला परत ओढून घेतला. ऑफिसातले नकाशे पालिकेत मंजुरीला साहेबांच्या मित्राच्या सहीनं जायचे, हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मित्राची तिथं ओळख आहे, काम लवकर होतं, असं सगळे म्हणायचे आणि तीही म्हणायची. पायरी अर्धा इंच चुकली तर गवंड्याला धारेवर धरणारी ही बया! पण ज्याच्याकडून शिकायचं, त्याचाच नंबर तपासावा हे तिच्या मनातही आलं नव्हतं. कुणाच्या येतं?

ती तडक ऑफिसात आली.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

साहेबांनी हातातल्या पेनाचं टोपण लावलं. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "त्या वर्षी बायको आजारी होती. राहून गेलं. पुढे जायची लाज वाटायला लागली. आणि मग तू आलीस."

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत!"

"तू गेली असतीस."

"गेले असते! आणि आज आर्किटेक्ट झाले असते!"

साहेबांनी कबूल असल्यासारखी मान हलवली. निदान भांडायचं तरी होतं मेल्यानं! तिनं सगळ्या डायऱ्या त्यांच्या अंगावर भिरकावल्या. ते उचलायला वाकले, पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि खुर्ची धरून तसेच राहिले. शेवटी डायऱ्याही तिनंच गोळा केल्या.

पुन्हा कॉलेजचं एक वर्ष, पुन्हा कुणाकडे तरी दोन वर्षं. तोवर घरात चूल कोण पेटवणार? हिशोब करायचीही गरज नव्हती. तिला रडूसुद्धा येईना, इतकी ती आतून रिकामी झाली होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. "झालं का गं काम? घेतला का अर्ज?"

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, देवाशपथ.

"घेतला, आई."

पलीकडे आधी नुसता हुंदका. मग आईनं शेजारणीला मारलेली हाक, "अहो, ऐकलंत का! माझी पोर आर्किटेक्ट होणार!" मग नाक ओढत पुन्हा फोनवर, "आता त्या म्हाताऱ्याकडे एक दिवससुद्धा राबायचं नाही, कळलं?"

"नाही राबत," ती म्हणाली, आणि साहेबांनी हळूच पुढे सरकवलेला नवा नकाशा तिनं जवळ ओढला.