एडका झोपलेला असतो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे. राणीसावरगावच्या शिवारात, रायभानच्या मेंढवाड्याला लागून, खड्ड्यातल्या काळ्या खडकावर मला बसवलेलं आहे. माझे कान फार तिखट. मुंगीने ढेकर दिला तरी मला कळतं. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा. पण ज्याला सगळं ऐकू येतं, त्याला भीतीही सगळ्यांच्या आधी वाटते.

जीपमधून आलो तेव्हा माझं लय कौतुक झालं. नारळ फुटला. रायभानच्या बायकोने, म्हाळसाबाईने, मला हळदकुंकू लावलं. पुढे सगळे विसरले. माझ्या झाकणावर गोवऱ्या वाळू लागल्या आणि सरदार नावाचा एडका शिंगं खाजली की माझ्या कठड्याला टक्कर देऊ लागला.

अशातच खालून तो धक्का आला. अगदी बारीक, माणसाला कळूही नये असा. काही दिवसांनी पुन्हा आला आणि मी गारठलो. माझ्या कागदावर उमटलेली रेघ तीच होती. तीच चढण, तीच थरथर, तसाच शेवट. जमिनीखाली कुणीतरी एकच दार पुन्हा पुन्हा ठोठावत होतं, आणि मला तर पळायला पायही नाहीत.

माझ्या रेघा वाचणाऱ्या अर्पिताताई परभणीहून आल्या. इतक्या सारख्या रेघा पाहून त्यांना एडक्याचाच संशय आला. रायभानला राग यायचा सोडून तो अभिमानाने फुगला. आपला सरदार भुई हलवतो, हे त्याने बाजारभर सांगितलं. तरी ताईंच्या शब्दाखातर एडका पेडगावला पाहुण्यांकडे नेऊन ठेवला.

एडका गेला. धक्का आला. रेघ तीच.

रायभान खाली बसला. ताईंनी त्याचीच घोंगडी अंगणात हळूहळू ओढून दाखवली. घोंगडी मुकाट सरकत होती. जिथे गोखरूचा काटा अडकला होता, तिथे तेवढी थांबायची आणि चट करून सुटायची. जमीनही खाली अशीच मुकाट सरकते, काट्याचं चट तेवढं या यंत्राला ऐकू येतं, असं त्यांनी सांगितलं. ओढ वाढली की चट लवकर लवकर होतं. आता तसंच होत होतं.

"मोठा धक्का येईल का, ताई?" रायभानने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही, काका. कुणालाच नाही."

सगळ्यांची नजर घराकडे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवद, त्यावर हातभर माती. रायभान माती उतरवून पत्रे टाकायचं म्हणाला. म्हाळसाबाई ऐकेना. उन्हाळ्यात माळवदाखाली गार वाटतं, पत्र्याखाली माणूस पापडासारखं भाजतं, हे तिचं म्हणणं. एडक्याच्या नादाला लागलेल्या नवऱ्याचं काय ऐकायचं, असंही ती म्हणाली.

मग ताईंनी दोन रेघा एकमेकींवर ठेवून तिला दाखवल्या. म्हाळसाबाई जन्मभर गोधड्या शिवत आलेली. तिने रेघांवरून बोट फिरवलं आणि तिचं तोंड उतरलं.

"एकाच हाताचे टाके हायत हे, पोरी. अन् शिवणारी आता दम खायना झालीय."

दुसऱ्या दिवशी माळवदावरच्या मातीचं पहिलं टोपलं तिनेच भरलं.

आता घरावर पत्रे आहेत. सरदार परत आलाय आणि धक्का आला की मी मनात म्हणतो, देवा, हा सरदारच असू दे.

मित्रांनो, माझं कौतुक नको. झाकणावरच्या गोवऱ्या काढा, एवढंच करा. भिंतीतला ढिला दगड वेळीच बसवून घ्या. बारीक आहे म्हणून कशालाही हसू नका.

काल दुपारी सरदार बाभळीखाली झोपला होता. मी त्याच्याकडेच पाहत होतो, आणि खालून दार वाजलं. तेच. मागच्यापेक्षा लवकर.

घरात म्हाळसाबाई पत्र्याखाली घामाघूम होऊन मला शिव्या घालत होती.

घाल बाई. अशाच घालत राहा.